अर्धा मासा

२ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी राहिले आहे की नाही ते तूच ठरव, म्हणून ते सोडून थेट कामाचं विचारते. बारीक दातांची छोटी करवत तू कुठे ठेवली होतीस? मोठी सापडली, दोन्ही रंधे सापडले, पटाश्या तर बाबा उशाशी घेऊन झोपतात. छोटी मात्र सगळा कारखाना पालथा घातला तरी मिळत नाही.

अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यात करवतीची चौकशी, याचं तुला हसू आलं असेल तर हस. राग आला असेल तर तोही ठीक आहे. पण करवत कुठे आहे ते कळव.

तुझा पत्ता रंगवाल्याकडून घेतला. तोच तो, अर्धा रंग दाराला आणि अर्धा शर्टाला देणारा. त्याने सांगितलं, तू तिकडे खोक्यांच्या कंपनीत आहेस, दिवसभर फळ्यांना खिळे ठोकतोस. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बघून आला असशील, माझा भाऊ खिळ्याला हात लावत नाही. तो म्हणाला, "ताई, आता तो फक्त खिळेच ठोकतो. जोडकाम सोडलंय म्हणतो." पुढे त्याने काय काय सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

इकडची हकीकत अशी. बाबांची नजर गेली. उजेड आहे की नाही एवढं कळतं, पण समोर माणूस आहे की कपाट ते कळत नाही. परवा कपाटाला म्हणाले, "जरा बाजूला हो." कपाट हललं नाही तेव्हा चिडले. मी हसले तर माझ्यावर चिडले. नजर गेल्यापासून कारखाना बंदच आहे. पॉलिशची कामं मी घेत होते, पण हल्ली लोक आयतं गुळगुळीत फर्निचर घेऊन येतात, त्याला माझी काय गरज? घरात बसून मी भांडी घासून घासून पातळ करत होते.

मग झालं असं की भिंतीकडेला रचलेले लाकडाचे तुकडे मी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला भट्टीत घालायला द्यायला निघाले. टोपली तिच्या दारात ठेवली. तिने वरचाच एक तुकडा उचलला, हातात फिरवला, वास घेतला. म्हणाली, "हे जाळायचं? डोकं ठिकाणावर आहे ना? लोखंडी चिमट्याने माझ्या बिस्किटांचा भुगा होतो. यातून मला लाकडी चिमटे करून दे, हलक्या हाताचे. चांगले झाले तर गिऱ्हाइकांना विकायलाही ठेवते." मी म्हटलं, मला फक्त घासता येतं, करता येत नाही. तर म्हणे, "घरात सुतार बसलाय की." बाबा बसलेलेच आहेत हे खरं आहे.

म्हणून करवत हवी. या पत्राचं बाबांना माहीत नाही.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "खिडकीच्या चौकटीवर, वरच्या बाजूला." एवढंच. ना ताई, ना कशी आहेस. तरी मी ते कार्ड तीनदा वाचलं, दोन्ही बाजूंनी. स्टुलावर चढले, हात घातला, आणि खरंच तिथे होती. कापडात गुंडाळलेली, तेल लावलेली. अकरा वर्षांत गंजाचा ठिपका नाही. जाताना तू तिला तेल लावून ठेवलीस, म्हणजे जायच्या दिवशीसुद्धा तुझ्या हाताला ते सुचलं. मी खूप वेळ स्टुलावरच उभी होते.

आता चिमट्याचं ऐक, कारण मला दुसरं कुणाला सांगायला नाही आणि बेकरीवालीला त्यातलं काही कळत नाही.

बाबांनी मला टोपलीतून एक तुकडा द्यायला सांगितला. मी चांगला जाडजूड दिला. त्यांनी नख फिरवलं आणि बाजूला टाकला. "रेघ तिरकी आहे. मोडेल." दुसरा टाकला, तिसरा टाकला. त्यांना दिसत नाही रे, तरी लाकडाच्या पोटातली रेघ कुठे वळते ते त्यांचं नख सांगत होतं. सातवा तुकडा हातात घेतल्यावर म्हणाले, "हा जिन्याच्या कठड्याचा. आणखी असतील तर काढ." मी नंतर उजेडात नेऊन पाहिला, रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. इतकी वर्षं मी लाकूड घासते आहे. लाकडाची फक्त कातडी मला माहीत होती, हे मला परवा कळलं.

कठड्याच्या तुकड्याची वीतभर पट्टी काढली, दोन बोटं रुंद. मग बाबा म्हणाले, "आता हिला उभी चीर. दोन्ही पाती एकाच पट्टीतून निघायला पाहिजेत. वेगवेगळ्या पट्टीतल्या घेतल्यास तर एक जास्त वाकेल, एक कमी, आणि टोकं एकमेकांना चुकवतील." चिरायच्या आधी कडेला खूण करायला सांगितलं. चिरल्यावर खुणेचा अर्धा भाग एका पातीवर राहतो, अर्धा दुसरीवर, मग शंभर पाती एकत्र झाल्या तरी जोडी चुकत नाही. ते म्हणाले त्रिकोण काढ. माझ्या हातून मासा निघाला. तुझा. पुढे तोंड, मागे शेपूट, वर पाठ, खाली पोट. बाबा तुला ओरडायचे ते आठवलं, खूण म्हणजे खूण, चित्रं कसली काढतोस म्हणून. मी त्यांना सांगितलं नाही की मी मासा काढलाय.

चिरायला मला पाऊण तास लागला. तू पाच मिनिटांत केलं असतंस, ते राहू दे. शेवटचा धागा तुटला आणि पट्टी पुस्तकासारखी उघडली. दोन्ही आतल्या बाजू, अगदी तशाच, एकमेकींकडे बघणाऱ्या. जिथे इकडे गाठीचा डोळा तिथेच तिकडे. ते लाकूड झाडात असल्यापासून ही जागा कुणी पाहिलेली नव्हती, पहिली मी पाहिली. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पदराने हात पुसले, जणू कुणाच्या घरात जायचं आहे.

मग पाती तासून पातळ केल्या, मागच्या बाजूला मधे छोटी पाचर सरसाने चिकटवली, शिकंज्यात रात्रभर ठेवली. सकाळी काढून दाबली. टोकाला टोक लागलं. सोडली, तर परत उघडली. पुन्हा दाबली, पुन्हा उघडली. धाकट्या, ते लाकूड मरून वीस वर्षं झाली असतील. तरी दाबलं की ते परत जागेवर येतं. मी वेड्यासारखी ते करत बसले. बाबा म्हणाले, "खेळणं आहे का ते?" आणि मग स्वतः घेऊन माझ्यापेक्षा जास्त वेळ दाबत बसले.

मी पॉलिशची बाटली काढली तर त्यांना वासावरून कळलं. "अन्न उचलायचंय त्याने. खायचं तेल लाव, आणि पुसून घे." तेही खरं.

बेकरीवालीने त्या चिमट्याने सगळ्यात पातळ, सगळ्यात भुसभुशीत बिस्कीट उचललं. तुटलं नाही. तिने ते मलाच खायला दिलं आणि दोन डझन चिमटे सांगितले. मार्चअखेरीला हवेत.

तुझी ताई


११ मार्च

धाकट्या,

या पत्रात चांगलं काही नाही. तरी वाच.

दोन डझनांच्या पट्ट्या मी काढल्या. प्रत्येकीवर मासा काढला, चिरल्या, तासल्या. अठ्ठेचाळीस पाती टेबलावर ओळीने मांडल्या तेव्हा मला इतकं भरून आलं की मी बाबांना हात धरून आणलं आणि एकेका पातीवरून त्यांचा हात फिरवला. जेवताना त्यांनी भात मागून घेतला.

मग ते पडले दुपारचे. मी एकटी. पाती चिकटवायच्या आधी एकदा शेवटचा हात मारून घ्यावा म्हणून काचपेपर घेतला. तुला माहीत आहे मी कशी आहे. डाग दिसला की मला राहवत नाही. तू मला उगाच का काचपेपर म्हणायचास? कडेला पेन्सिलचं काळं काळं दिसत होतं, आणि हे अन्नाला लागणार, बेकरीवाली काय म्हणेल, असा विचार करत मी एकेक पात घासली, फुंकर मारली, आणि पुढच्या ढिगात टाकली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. मऊ, स्वच्छ, लोण्यासारख्या. शेवटची टाकली आणि मग त्या ढिगाकडे माझं लक्ष गेलं.

एकाही पातीवर मासा उरला नव्हता.

मी घाईघाईने रंगावरून दोन जुळवल्या, पाचर लावली आणि शिकंज्यात धरल्या. सरस ओला होता तोवरच बाबा उठून आले. हात पुढे केला. मी चिमटा दिला. त्यांनी एकदा दाबला. टोकं एकमेकांच्या शेजारून निघून गेली, रस्त्यात अबोला धरलेली माणसं जातात तशी. बाबा म्हणाले, "हे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत." मग म्हणाले, "खुणा कुठे गेल्या?"

तेच शब्द, धाकट्या. तोच आवाज.

मी म्हटलं, "पुसल्या गेल्या."

"गेल्या, की पुसल्यास?"

"पुसल्या."

ओला चिमटा त्यांनी हळूच ओढून वेगळा केला आणि दोन्ही पाती मांडीवर ठेवल्या. मग माझ्याकडे, म्हणजे मी जिथे उभी आहे असं त्यांना वाटलं तिकडे, तोंड करून विचारलं, "याच्या आधी कधी पुसल्या होत्यास?"

मी म्हटलं, "नाही."

हे तुला सांगायला पत्र लिहिलं. अकरा वर्षांपूर्वी मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी खोटं बोलले नव्हते, नुसती गप्प होते. मनाला मी तसं समजावत आले. आता विचारलं, आणि मी सरळ नाही म्हटलं. ती पळवाटही संपली.

ताई


२० मार्च

धाकट्या,

सांगितलं बाबांना.

पण आधी तुला सांगते. तुला ते माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी माझ्या हाताने कधी लिहिलं नाही, ते लिहिते. वाचनालयाच्या बारा खुर्च्यांचे पाय आणि पट्ट्या तू आठ दिवस खपून केल्या होत्यास. प्रत्येक खाच हाताने कोरलेली, कुठला तुकडा कुठल्या खाचेत जाणार याच्या खुणा प्रत्येकावर, माशांची रांगच्या रांग. तू आणि बाबा जेवायला गेलात. मला वाटलं, कापून झालं, कोरून झालं, आता खुणांचं काय काम? परत येऊन बाबा बघतील, म्हणतील, पोरीने काय चकाचक केलंय. त्या एका वाक्यासाठी मी सगळे मासे घासून टाकले.

संध्याकाळी खुर्च्या न्यायला गाडी यायची होती. बाबा म्हणाले, जसं जमेल तसं जोडा. जोडल्या. बारापैकी एकही चार पायांवर उभी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा परत आल्या. बाबांनी तुला विचारलं, खुणा कुठे आहेत? तू म्हणालास, केल्या होत्या. ते म्हणाले, मग पाखरांनी नेल्या का? तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या हातात काचपेपर होता. मी वाट बघत होते, आता हा सांगेल. तू मान खाली घातलीस.

तू गेल्यावर कारखान्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. बाबा पाहुण्यांना सांगायचे, मुलगी आहे म्हणून चाललंय. मला ते आवडायचं. हे सगळ्यात वाईट आहे आणि म्हणून ते पण लिहिते.

आता बाबांचं. त्या नाहीनंतर मला चार दिवस अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या म्हटलं, "बाबा, वाचनालयाच्या खुर्च्यांच्या खुणा मी पुसल्या होत्या. त्याने केल्या होत्या."

चहा तसाच राहिला. त्यावर साय आली. मग ते म्हणाले, "मी त्याला काय म्हणालो होतो? शब्द सांग."

मी म्हटलं, राहू द्या.

"शब्द सांग."

सांगितले. "तुम्ही म्हणालात, ज्याला खुणा सांभाळता येत नाहीत त्याने जोडकाम करू नये. खोकी ठोकावीत."

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितले. आणि मग, तो खोकीच ठोकतो, हेही सांगून टाकलं. ते त्यांना माहीत नव्हतं. कप मी त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मी विचारलं त्याला, खुणा कुठे गेल्या," ते म्हणाले. "विचारलं, आणि उत्तराला थांबलो नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तू तिथेच उभी होतीस."

"हो."

"हातात काय होतं?"

"काचपेपर."

"तेव्हा मला चांगलं दिसत होतं," बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी त्याची तयारी करून गेले होते. त्याच्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि खरं सांगू, मला वाटतं ते माझ्यावर रागावून गप्प नव्हते. मधूनच हात पुढे करून उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं चाचपत बसायचे.

त्या दोन दिवसांत मी तुझा विचार करत होते. एक वाक्य पुरलं असतं. "ताईला विचारा" एवढंच. ते वाक्य तुझ्या तोंडात होतं, मी बघितलं आहे. ते तू गिळलंस आणि त्याच्यावर अकरा वर्षं काढलीस, घर सोडून, हातातली विद्या सोडून. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तुला बोट धरून फिरवलं, नाक पुसलं, त्यामुळे तुला मी पूर्ण ओळखते असं मला वाटायचं. मला तुझी काहीच माहिती नव्हती. मी तुझ्यापुढे आज अगदी लहान होऊन बसले आहे, आणि नवल म्हणजे तिथे बसून मला बरं वाटतं आहे.

काल सकाळी बाबांनी हाक मारली. म्हणाले, "त्या पाती त्याला पाठव. तो लावील जोड्या."

मी म्हटलं, "इतक्या वर्षांनी घरून काय पाठवायचं, तर लाकडाचे तुकडे?"

"मग काय पाठवू? गोड बोलता येतं का मला?"

तेही खरं. म्हणून अठ्ठेचाळीस पाती सोबतच्या खोक्यात आहेत. बाबांनी स्वतः काही जुळवून पाहिल्या, दोन-तीन जमल्या असं त्यांना वाटतं, पण खात्री नाही. त्यांनी खोक्यावर हात ठेवून काही वेळ काढला आणि मग मला दोरी बांधू दिली. बेकरीवालीला मी सांगितलं की उशीर होईल. ती कुरकुरली, पण थांबते म्हणाली.

तुला हे करायचं नसेल तर करू नकोस. पुन्हा जोडकामाला हात लावायचा नाही असं ठरवलं असशील, तर तसंच राहू दे, कुणाला बोलायचा हक्क नाही. पाती तिकडे चुलीत घाल, सरळ रेघेचं लाकूड आहे, छान जळेल.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

पोस्टमन दारात उभा राहून हसत होता. म्हणे, "पत्ता बरोबर आहे, पण या घरात काचपेपर कोण?" खोक्यावर पेन्सिलने, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, तेवढंच नाव. मी म्हटलं, मीच. सही करायची सोडून मी त्या नावाकडेच बघत राहिले, तेव्हा पोस्टमनला वाटलं हिला लिहिता येत नाही. त्याने अंगठा चालेल का विचारलं.

आत पत्र नव्हतं. मी सगळा भुसा उपसून पाहिलं, खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आतही पाहिलं. पाती होत्या. दोन दोन, आतल्या बाजू एकमेकींना लावून, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या.

मी एक जोडी सोडून खिडकीपाशी नेली. टोकाकडून पाहिलं. वाढीची वळणं एका पातीतून निघून दुसरीत गेली होती, मधे फक्त करवतीच्या जाडीएवढी फट. दुसरी जोडी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच. मी पेन्सिल पुसली रे, पण ही वळणं पातीच्या आरपार गेलेली असतात, ती माझ्याच्याने पुसणं शक्य नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती आणि मला बघता येत नव्हती. तू किती दिवस बसलास याच्यापुढे? खोकी ठोकून आल्यावर? अठ्ठेचाळीस पाती, एकसारख्या रंगाच्या, एकसारख्या घासलेल्या.

मग मी खोका बाबांच्या मांडीवर ठेवला. काही सांगितलं नाही. त्यांनी एक जोडी घेतली, दाबून पाहिली, मान हलवली. मग कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबला. परत मागे नेला. परत पुढे आणला.

"अगं," बाबा म्हणाले, "मासा."

मी वाकून पाहिलं. मला दिसलाच नव्हता, कारण मी पेन्सिलचं काळं शोधत होते. पेन्सिल नव्हतीच. सुरीच्या टोकाने कोरलेला, बारीक, केसाएवढा, पण बोटाला लागेल इतका खोल. अर्धा या पातीवर, अर्धा त्या पातीवर. पाठ, पोट, शेपूट. बाबांचा अंगठा शेपटीकडून तोंडाकडे गेला. "डोळासुद्धा काढलाय गाढवाने," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या डोळ्यांना दिसत नाही त्यांनाही ते येतं, हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी प्रत्येक जोडीवरचा मासा वाचला. हो, वाचलाच म्हणते. मला हात लावू दिला नाही. शेवटी म्हणाले, "तेवीस." मी म्हटलं, चोवीस पाठवल्या होत्या. परत मोजल्या, तेवीसच. मी भुसा पुन्हा उपसायला लागले तर म्हणाले, "शोधू नकोस. एक ठेवली असेल त्याने. त्यालाही जेवायला वाढायला काही लागेलच की." आणि हसले. बाबांना हसताना बघून किती दिवस झाले हे मी मोजत नाही, नाहीतर पुन्हा रडू येईल.

पाचरी लावल्या. सरस बाबांनी स्वतः लावला, बोटाने, थेंबभरही बाहेर न काढता. दुसऱ्या दिवशी तेवीस चिमटे दाबले, तेवीसही टोकाला टोक. कडेला मासा पूर्ण झाला होता, मधून पाचरीची पुसटशी रेघ गेलेली, एवढंच.

बेकरीवालीने एक चिमटा उलटा पालटा करून पाहिला. म्हणाली, "सगळं छान, पण कडेला ही चीर कसली? घासून टाक की, तुला तर घासायची हौस." मी म्हटलं, घासून जाणार नाही ती, आणि गेली असती तरी मी घासणार नाही. तिने एक चिमटा आपल्या बशीशी ठेवला आणि बाकीचे काचेत मांडले. एक बाई सकाळी एक घेऊन गेली आणि संध्याकाळी बहिणीसाठी दुसरा न्यायला आली. तिला मासा असलेलाच हवा होता, दुसरा कुठला नको.

आणखी तीन डझन सांगितले आहेत. जिन्याच्या कठड्याचे तुकडे अजून आहेत, मी पट्ट्या काढून, तासून, ओळीने लावून ठेवल्या आहेत. अजून चिरलेल्या नाहीत. छोटी करवत कापडात गुंडाळून, तेल लावून, खिडकीच्या चौकटीवर वरच्या बाजूला परत ठेवली आहे, कारण बाबा म्हणाले, खूण ज्याची त्यानेच करायची, आणि खूण झाल्याशिवाय आपण चिरायचं नाही.

बेकरीवालीला मी म्हटलं आहे, थांब.

तुझी,
काचपेपर